अल नसला लेझरने कापलेला नाही

आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड एरवी मी सोडून दिला असता. पण नववीतल्या भाचीने तो भूगोलाच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा गप्प बसवेना.

सौदी अरेबियात तैमा या मरूद्यानाजवळ अल नसला नावाचा खडक आहे. सुमारे ६ मीटर उंच, ९ मीटर रुंद, आणि मधोमध उभा दुभंगलेला. फॉरवर्ड म्हणतो: हा ४००० वर्षांपूर्वी लेझरने कापला; निसर्ग सरळ रेषा काढत नाही; वाऱ्याने असा काप पडत नाही; एवढ्याशा पायावर तो उभा कसा; शास्त्रज्ञ थक्क.

लेझरचंच आधी बघू. हा खडक वालुकाश्माचा आहे, म्हणजे मुख्यतः एकमेकांना चिकटलेले क्वार्ट्झचे कण. क्वार्ट्झ वितळायला साधारण १७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. किरणाने माथ्यापासून तळापर्यंत कापला असता तर दोन्ही बाजूंना वितळून गोठलेली काच राहिली असती. तिथे आहे तो साधा, झिजलेला वालुकाश्म. जगातला पहिला लेझर १९६० साली चालला, त्यामागे वीज, स्फटिक, आरसे असं सगळं होतं. तैमाच्या वाळवंटात यातलं काय सापडलं? सापडली ती याच खडकावर कोरलेली घोड्याची आणि इतर प्राण्यांची चित्रं. ती माणसाने हाताने, दगडाने ठोकून काढली आहेत. फॉरवर्डमध्ये त्यांच्याबद्दल एक शब्द नाही, आणि मला राग येतो तो याचा. ज्यांनी खरोखर तिथे काम केलं त्यांना पुसून टाकायचं आणि न झालेल्या यंत्राचं कौतुक करायचं!

निसर्ग सरळ रेषा काढत नाही म्हणणाऱ्याने अंधेरीला जाऊन गिल्बर्ट हिल बघावा. बेसाल्टचे उभे, सरळ खांब; लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेल्या भेगांचे. वालुकाश्मात कारण वेगळं. वरचे थर झिजून भार कमी झाला किंवा भूकवचात ताण आला की ठिसूळ खडक तडकतो. कण एकसारखे असतील तर ती भेग सपाट जाते. तिला सांधा म्हणतात.

वाऱ्याने असा काप पडत नाही, हे मात्र खरं आहे. मान्य करायलाच हवं, कारण उलट बाजूचे लोकही "वाऱ्याने कापला" असं ठोकून देतात. भेग आधी पडली. मग दव, पाऊस, क्षार यांनी ती रुंदावली आणि फटीतून वाळू घेऊन घुसणाऱ्या वाऱ्याने ती घासली.

पायाचं उत्तर राल्फ बॅग्नोल्डने दिलेलं आहे. या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात वर्षानुवर्षं फिरून, पुढे वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून १९४१ साली वाळूच्या वहनावर ग्रंथ लिहिला. वाळूचे कण उड्या मारत जातात, आणि त्या उड्या जमिनीलगतच असतात. वाळू उडत असताना माणसाचं डोकं-खांदे बहुधा तिच्या वर राहतात. म्हणून मार बसतो तो खडकाच्या खालच्या भागाला. ओल आणि क्षारही तळाशीच साचतात. तळ झिजतो, माथा उरतो. नववीच्याच पुस्तकात याला भूछत्र खडक म्हटलंय.

थक्क झालेल्या शास्त्रज्ञांपैकी एकाचंही नाव फॉरवर्डमध्ये नाही.

भाचीला मी लेझरचं पान काढायला लावलंय. घोड्याचं चित्र ठेवलंय, आणि त्याखाली ती आता सांध्याची आकृती काढते आहे.