हॅटी मॅकडॅनियलच्या आधी कोणीच नव्हतं?

सध्या एक मजकूर खूप फिरतोय: ‘हॅटी मॅकडॅनियल ही पडद्यावरची पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री. तिच्याआधी कोणाला संधीच नव्हती. १९४० साली तिला ऑस्कर मिळालं आणि हॉलिवूडची दारं सगळ्यांना उघडली.’ ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार, एवढं खरं. बाकीचं चूक आहे.

हॅटीच्या कितीतरी आधी, १९१९ मध्येच, एव्हलिन प्रीअर ही कृष्णवर्णीय अभिनेत्री ‘द होमस्टेडर’ या चित्रपटात होती. त्याचा दिग्दर्शक ऑस्कर मिशो स्वतः कृष्णवर्णीय. स्टुडिओंच्या बाहेर राहून, पैसे जमवून तो चित्रपट काढायचा. १९२० च्या त्याच्या ‘विदिन अवर गेट्स’मध्ये एव्हलिन नायिका आहे: अमेरिकेच्या दक्षिणेतली कृष्णवर्णीय मुलांची शाळा बंद पडू नये म्हणून उत्तरेत मदत मागायला गेलेली शिक्षिका. त्या काळात ही भूमिका! हा चित्रपट कित्येक दशकं हरवलेला होता, मग स्पेनमध्ये त्याची एक प्रत सापडली. ‘द होमस्टेडर’ मात्र आजही सापडलेला नाही. एव्हलिन १९३२ मध्ये, ऐन उमेदीत, न्यूमोनियाने गेली. जिचं बरंचसं काम काळाने गिळलं, तिचं नावही आपण पुसावं, हे मला फार लागतं.

हॉलिवूडपुरतंच बोलायचं, तरी नीना मे मॅकिनी आहेच. १९२९ च्या ‘हॅलेलुया’त ती नायिका होती आणि एमजीएम या बड्या स्टुडिओने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. पण पुढे तिच्या तोलाच्या भूमिका त्यांनी दिल्याच नाहीत.

म्हणजे गुण होते, अडवणूक वरून होती. फ्रेडी वॉशिंग्टन ही कृष्णवर्णीय अभिनेत्री इतकी उजळ होती की ‘द एम्परर जोन्स’मध्ये कृष्णवर्णीय नायक पॉल रोबसनसमोर ती गोरी वाटेल, या भीतीने तिला गडद रंग फासला गेला. गोरी म्हणून वावरली असती, तर तिला वाट सोपी होती. तिने ते साफ नाकारलं आणि १९३७ मध्ये कृष्णवर्णीय कलाकारांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला.

आता उघडलेल्या दारांबद्दल. ज्या चित्रपटासाठी हॅटीला ऑस्कर मिळालं, त्या ‘गॉन विथ द विंड’च्या अटलांटातल्या पहिल्या खेळाला तिला वर्णभेदामुळे जाता आलं नाही. ऑस्करच्या रात्री तिला सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर बसवलं होतं. नंतरही तिच्या वाट्याला मुख्यतः मोलकरणीच आल्या. १९५२ मध्ये ती वारली, तेव्हा तिची शेवटची इच्छा असूनही हॉलिवूडच्या दफनभूमीने तिला जागा नाकारली. अभिनयाचं ऑस्कर पुन्हा एका कृष्णवर्णीय स्त्रीला, वूपी गोल्डबर्गला, मिळालं ते १९९१ मध्ये.