स्मृतीचा प्रश्न सुटलेला नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आठवणी मेंदूत नेमक्या कुठे साठतात हा प्रश्न अजून सुटलेला नाही, असे मी माझ्या लेखात म्हटले होते. त्यावर ‘आठवणी हिप्पोकॅम्पसमध्ये [मेंदूत कानशिलाच्या बाजूला खोलवर असलेल्या भागात] साठवल्या जातात हे एच. एम. या रुग्णामुळे कधीच सिद्ध झाले; त्याला अनुत्तरित प्रश्न म्हणणे हा अडाणीपणा आहे,’ असे आपण लिहिले आहे. मतभेदाला माझी हरकत नाही, ‘अडाणीपणा’ या शब्दाला आहे. माझे जुने विद्यार्थीही येथे वाचत असतात, याचे भान आपण ठेवायला हवे होते. लेखाचे शीर्षक भडक झाले, हे आपले म्हणणे मात्र मला मान्य आहे.

एच. एम. म्हणजे हेन्री मोलेसन. अपस्मार आटोक्यात येईना म्हणून 1953 मध्ये विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडील हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांच्या 1957 च्या निबंधातून दिसले ते इतकेच, की नवे प्रसंग ध्यानात राहण्यासाठी हा भाग लागतो. लागणे आणि तिथेच साठवले जाणे यांत फरक आहे, आणि आपण तो सरळ ओलांडून गेलात. मोलेसन आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला शिकले, त्यांचा हात दिवसागणिक सुधारला, पण आदल्या दिवशी आपण हेच केले होते याचा त्यांना पत्ताही नसे; म्हणजे हाताचे कौशल्य या भागावाचूनही शिकता येत होते. त्यांचे बालपण शाबूत वाटल्यामुळे जुन्या आठवणी कालांतराने हिप्पोकॅम्पसवर अवलंबून राहत नाहीत, असे मत रूढ झाले. त्याला 1997 मध्ये लिन नेडेल आणि मॉरिस मॉस्कोविच यांनी आव्हान दिले : प्रसंग तपशिलांसह जागवायचा तर हा भाग कायमच लागतो. पुढे मोलेसन यांच्याच आठवणी बारकाईने तपासल्या, तेव्हा बालपणाची माहिती त्यांना सांगता येत होती, पण प्रसंग क्वचितच उभा राहत होता. 2008 मध्ये ते वारल्यावर सॅन डिएगो येथे त्यांच्या मेंदूचे 2,401 काप करण्यात आले. हिप्पोकॅम्पसचा मागील बराच भाग शिल्लक होता आणि कपाळामागच्या भागात आणखी एक इजा होती, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. एवढे असताना ‘कधीच सिद्ध झाले’ हे आपण कोणत्या आधारावर लिहिता?

मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे, आणि विस्मरणाच्या आजारात आईची शुश्रूषाही केली आहे. सकाळी काय खाल्ले ते तिला आठवत नसे, पण लहानपणी वाईच्या घाटावर पाहिलेला कृष्णाबाईचा उत्सव ती पुन्हा पुन्हा सांगे. पुढेपुढे त्या घाटावर तिच्या मांडीवर माझी धाकटी बहीण बसलेली असे. बहिणीचा जन्म तर आईच्या लग्नानंतरचा. त्यातले जुने किती आणि सांगताना रचलेले किती, हे मला तिच्या उशाशी बसूनही ठरवता आले नाही. आठवण जागवल्यावर काही काळ पुन्हा अस्थिर होते, असे करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. माणसांवरील प्रयोगांत तसेच निष्कर्ष दर वेळी मिळालेले नाहीत. ज्याने विस्मरणाचा आजार घरात पाहिलेला नाही, त्याने निदान शब्द जपून वापरावेत.

रेणूंच्या पातळीवर स्मृती कशी टिकते याविषयीचा आपला परिच्छेद माझ्या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे, आणि माझ्या पदवीची चौकशी मी उत्तर देण्याच्या योग्यतेची समजत नाही. 1957 च्या त्या निबंधातील कोणत्या निरीक्षणातून ‘साठवण’ सिद्ध होते, ते आपण नेमके लिहा. ते मी लेखाखाली जसेच्या तसे देईन.