वीस माणसं, चार चाचे आणि आमचे काका

थरारपट बघताना माणसाला निवांत घाबरू द्यावं, एवढीच माझी मागणी असते. पण समुद्री चाच्यांचा चित्रपट लावला की घरातल्या प्रत्येकाच्या अंगात कॅप्टन संचारतो. जहाज कसं वाचवायचं याच्या इतक्या योजना निघतात, की भीतीला टेकायला जागा उरत नाही. भुतांच्या चित्रपटाला असं होत नाही. भुताशी नेमकं कसं वागावं याबद्दल लोक जरा साशंक असतात. चाच्यांबद्दल मात्र ज्यांनी आयुष्यात होडीत पाय ठेवलेला नाही त्यांनाही सगळं ठाऊक असतं.

‘कॅप्टन फिलिप्स’ हा २०१३ चा चित्रपट मी सहकुटुंब पाहिला. पाहिला म्हणजे तो चालू असताना त्या खोलीत होतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एप्रिल २००९ मध्ये ‘मर्स्क अलाबामा’ हे अमेरिकी मालवाहू जहाज केनियातल्या मोंबासाकडे निघालेलं असताना चार सोमाली चाचे त्यावर चढले. जहाजावर खलाशी वीस. पुढे चाचे कॅप्टनला लाइफबोटीत घालून पळाले आणि अमेरिकी नौदल त्या एवढ्याशा बोटीच्या मागे लागलं. टॉम हँक्स कॅप्टन झालाय. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास, म्हणजे कॅमेरा सतत हलतो. काकूंना पहिल्या पाच मिनिटांतच मळमळायला लागलं आणि त्यांनी पुढचा बराचसा चित्रपट डोळे मिटून ऐकला. चित्रपटाला खऱ्या अर्थाने शरण गेलेलं आमच्यातलं ते एकच माणूस.

गोष्ट खरी घडलेली आहे असं कळल्यावर पुतण्याने, ओंकारने, फोन काढला. पडद्यावर रडारवर दोन ठिपके उमटले होते. कॅप्टन दुर्बीण लावून क्षितिज न्याहाळत होता. मी श्वास रोखायच्या बेतात होतो, तेवढ्यात ओंकारने जाहीर केलं, “नेव्हीच्या स्नायपरनी तिघांना मारलं. चौथा पकडला गेला. त्याला तेहतीस वर्षं शिक्षा झाली.” ठिपके अजून जहाजापासून मैलभर लांब होते आणि आमच्याकडे खटला संपून आरोपी तुरुंगात जाऊनही बसला होता.

“आणि कॅप्टन?” वहिनींनी विचारलं.

“तो सुटला. त्याने नंतर पुस्तक लिहिलं, त्यावरूनच तर पिक्चर आहे.”

“मग काय, बघा आता निवांत,” काका म्हणाले. निवांत हा शब्द ऐकून ग्रीनग्रासला काय वाटलं असतं कोण जाणे.

काका स्वतः काही निवांत बसले नाहीत. चाच्यांनी लांबलचक शिडी जहाजाच्या कडेला अडकवली आणि काका खुर्चीतून पुढे सरकले. “शिडी! अरे, शिडी ढकला की!” काकांचा आवाज असा आहे की समुद्रात खरोखर कुणी असतं तर त्याने ढकलली असती. पण टॉम हँक्सने ऐकलं नाही. इथे मंदार मध्ये पडला. मंदार हा काकांचा धाकटा, म्हणजे माझा चुलतभाऊ. मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे आणि तेव्हा सुट्टीवर आला होता. चाच्यांचा चित्रपट बघताना घरात खरा खलाशी असणं यासारखी आपत्ती नाही.

“बाबा, शिडी ढकलायची तर कठड्यावरून बाहेर वाकावं लागतं. आणि खाली एके-४७ घेऊन माणूस बसलेला असतो.”

“बरं मग, एकाने वाकायचं,” काका म्हणाले. “बाकीचे एकोणीस आहेतच की.”

काकांचं सगळं युद्धशास्त्र या भागाकारावर उभं आहे. वीस भागिले चार, एका चाच्याला पाच खलाशी. पाच जणांना एक माणूस धरता येत नाही? चार चाचे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, पोचले तरी काका पाचाचे गट पाडत होते. त्यातून चीफ इंजिनिअरला कोणत्या गटात घालायचं यावर त्यांचा आणि मंदारचा जो वाद झाला, त्यात जहाज ताब्यात गेल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग तो प्रश्न आला. चाच्यांवरचा कोणताही चित्रपट, कोणताही प्रेक्षक, हा प्रश्न चुकत नाही. “पण जहाजावर बंदुका का नसतात?” तो प्रश्न असा विचारला जातो, जणू आजवर कुठल्याच जहाजमालकाला हे सुचलं नाही आणि विचारणाऱ्याला आता सल्लागार म्हणून नेमायचं तेवढं बाकी आहे. मंदारला हे इतक्या जणांनी विचारलेलं आहे की त्याचं उत्तर पाठ झालंय: दर बंदराला वेगळ्या देशाचा वेगळा कायदा, बंदुका घेऊन मालवाहू जहाज आत शिरलं तर आधी आपणच आत जाऊ, खलाशी गोळीबार शिकलेले नसतात, आणि तेलाच्या टँकरवर ठिणगी उडवायची हौस कुणालाच नसते. काकांचा चेहरा जराही बदलला नाही. शेवटी मंदारने हुकमाचा पत्ता टाकला. सप्टेंबर २००८ मध्ये ‘फाइना’ नावाचं युक्रेनचं जहाज सोमाली चाच्यांनी पळवलं. त्यात माल काय होता? तेहतीस रणगाडे. शिवाय दारूगोळा. जहाजभर रणगाडे, आणि ते पळवलं होडीतून आलेल्या रायफलवाल्यांनी. चार महिन्यांहून जास्त काळ अडकलं आणि ३२ लाख डॉलर खंडणी मोजून सुटलं.

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मला वाटलं, मिटला प्रश्न.

“एक तरी रणगाडा चालू करून बघायचा ना,” काका म्हणाले.

पुढे जहाजांवर खासगी हत्यारी रक्षक नेमायला लागले आणि त्याचा चाच्यांवर चांगलाच वचक बसला, हे मंदारने सांगायलाच नको होतं. “मी दुसरं काय म्हणत होतो?” असं म्हणून काकांनी खुर्चीला पाठ टेकली ती विजयी वीराच्या थाटात. जहाजांच्या विमा कंपन्यांना काकांचा पत्ता कुणीतरी कळवायला हवा होता.

खरं तर चुकीचे अंदाज बांधण्यात चाचेही काही कमी नाहीत. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी रात्रीच्या अंधारात ‘ला सोम’ नावाच्या जहाजावर मालवाहू समजून हल्ला चढवला. ते फ्रेंच नौदलाचं निघालं. ही हकीगत ओंकारने वाचून दाखवली तेव्हा काकू मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, “रात्रीचं नाही दिसत कुणाला. त्यात हसण्यासारखं काय आहे?”

मंदारच्या मतांचा मासला मात्र वेगळा. ‘कॅप्टन फिलिप्स’चं बरंचसं चित्रीकरण माल्टाजवळ, मूळ जहाजासारख्याच एका खऱ्या जहाजावर झालंय. त्यामुळे कंटेनर, ब्रिज, जिने बघून तो खूश होता. जहाजाबद्दल त्याचं मत फार चांगलं झालं, माणसांबद्दल नाही. “बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, असा बोलत नाही.” “वॉचवर असताना कॉफी तिथे ठेवत नाहीत.” मधूनच त्याला स्वतःच्या, सोमालियाजवळच्या एडनच्या आखातातल्या फेरीची आठवण आली. धोक्याचा पट्टा सुरू व्हायच्या आधी कठड्याला काटेरी तारा गुंडाळतात, पाण्याचे होज बाहेरच्या बाजूला रोखून बांधतात आणि डेकवर बाहुल्या उभ्या करतात, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला पहारा कडक वाटावा. बाहुल्या करायचं काम मंदारकडे आलं होतं. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबायच्या, बाह्यांची आणि पायांची तोंडं सुतळीने आवळायची, डोक्याच्या जागी पांढरा डबा, आणि सगळं धूड रेलिंगला बांधायचं. चार बाहुल्या उभ्या झाल्यावर चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, आला, त्याने सगळ्यांकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, “यांची हेल्मेट कुठे आहेत?” डेकवर विनाहेल्मेट कुणी दिसता कामा नये, असा नियम होता. शेवटी बाहुल्यांना हेल्मेट मिळाली आणि ती हनुवटीखाली पट्ट्याने बांधली, जी खलाशांपैकी कुणीही बांधत नाही.

ही गोष्ट एवढी रंगली की पडद्यावर काय चाललंय याचं भान आलं तेव्हा तो प्रसंग आला होता: चाच्यांचा म्होरक्या कॅप्टनसमोर येऊन उभा राहतो आणि इथून पुढे कॅप्टन मी, हे त्याला ऐकवतो. ती भूमिका करणारा बरखद अब्दी हा मोगादिशूत जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला तरुण. याआधी त्याने अभिनय केलेला नव्हता. दिग्दर्शकाने या प्रसंगापर्यंत त्याची आणि हँक्सची मुद्दाम गाठच पडू दिली नव्हती. चित्रीकरण सुरू असताना ते पहिल्यांदा एकमेकांसमोर आले. अब्दीला यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. मी या क्षणाची वाट पाहत बसलो होतो.

“किती वाळलाय गं बिचारा,” वहिनी म्हणाल्या. “डोळे बघ कसे खोल गेलेत.”

झालं. इथून पुढे आमच्या खोलीत चाच्यांची बाजू मांडली जाऊ लागली. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, किनाऱ्याला राखणदार उरला नाही, परदेशी ट्रॉलर येऊन मासे ओरबाडून नेऊ लागले, मग कोळ्यांनी करायचं काय? वहिनींचा मुद्दा खोटा नव्हता. चित्रपटही तो पुसटसा मांडतो. फक्त तो मुद्दा मांडताना त्या टीव्हीसमोर उभ्या होत्या. त्यावर काका म्हणाले, “इंग्रज तर आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचेच म्हणत होते.” काकांची निष्ठा अशी अचानक बदलली. मघापर्यंत शिडी ढकलणारा माणूस आता शिडी धरून उभा होता.

पण मला खरा राग आहे तो शेवटाबद्दल. सुटका झाल्यावर कॅप्टनला नौदलाच्या जहाजावर तपासायला नेतात. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, अंगावरचं रक्त कुणाचं हे त्याला सांगता येत नाही. हा प्रसंग आयत्या वेळी ठरला आणि तपासणारी बाई नौदलातली खरी वैद्यकीय कर्मचारी आहे. हँक्सने एवढ्या वर्षांत जे काही केलंय त्यातली ही सगळ्यात चांगली पाच मिनिटं असावीत, असं माझं मत आहे. ‘असावीत’ म्हणतो, कारण मी ती काकांचा खांदा आणि कोपर यांच्यामधल्या फटीतून पाहिली. “चला, वाचला,” म्हणून काका उठले होते, ओंकारने दिवा लावला होता, आणि चष्म्याचं घर कुठे गेलं याचा शोध सुरू झाला होता. घर सापडल्यावर काकांनी पडद्याकडे एक नजर टाकली. “शेवटी उगाच लांबवलाय.”

यानंतर माझ्या हातात रिमोट द्यायला नको होता, पण मीच एक डॅनिश चित्रपट लावला. २०१२ चा, ‘अ हायजॅकिंग’, टोबियास लिंडहोमचा. वाटलं, यात शिड्या नाहीत, बंदुकांची धुमश्चक्री नाही, मतं द्यायला फारसं काही सापडणार नाही. यात जहाज पळवतानाचा प्रसंगच दाखवलेला नाही. पळवल्याची बातमी कंपनीच्या ऑफिसात येते आणि मग महिनोन्महिने फक्त फोन. अडकलेला मुख्य माणूस जहाजावरचा स्वयंपाकी. चाचे दीड कोटी डॉलर मागतात, कंपनी अडीच लाखांपासून सुरुवात करते.

“अडीच लाख?” वहिनी हादरल्या. “लाज कशी वाटत नाही! देऊन टाका म्हणावं.”

तेव्हा काकूंनी डोळे उघडले. यात कॅमेरा फारसा हलत नव्हता, म्हणून असेल. “अजिबात द्यायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “पटकन वाढवलेस की त्यांना कळतं, अजून आहेत.” पडद्यावर कंपनीने बोलावलेला वाटाघाटींचा जाणकार साधारण हेच सांगत होता. तो नट नव्हे, प्रत्यक्षात हेच काम करणारा माणूस आहे. पुढचा तासभर काकू त्याच्या एक पाऊल पुढे होत्या. “आता फोन करू नको. दोन दिवस थांब.” तो थांबला. “आता तो ओरडेल, तू ओरडू नको.” कंपनीचा साहेब ओरडला आणि काकूंनी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं ज्यांच्या हातात घरखर्च आहे त्या बाईसमोर सोमालियाचे चाचे फार कच्चे वाटत होते. काका या सगळ्या वेळात एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र पहिल्यांदाच खरोखर घाबरलो होतो, थोडासा पडद्याला आणि बराचसा काकूंना.

“इतके महिने?” वहिनींना ते खरं वाटेना. मंदार म्हणाला, “हे लवकर सुटले. ‘आइसबर्ग-वन’ म्हणून जहाज होतं. मार्च २०१० ला पळवलं, मालकाने वाऱ्यावर सोडलं. माणसं सुटली डिसेंबर २०१२ मध्ये. आपल्याकडचेही होते त्यात.” यावर कुणाचंच काही मत नव्हतं.

चित्रपट संपला. काकूंनी विचारलं, “त्या स्वयंपाक्याला एवढ्या महिन्यांचा पगार मिळाला असेल का रे?”

“आता मिळतो,” मंदार म्हणाला. “डिसेंबर २०२० पासून आंतरराष्ट्रीय नियम आहे. ओलीस असेपर्यंत पगार चालू ठेवावा लागतो.”

“आणि हा पिक्चर कधीचा?”

“२०१२ चा.”

“म्हणजे बुडाला,” काकू म्हणाल्या. “साहेबाचा चालू, चाच्यांचे मिळाले, त्या फोनवाल्या जाणकाराने पण घेतलेच असतील. स्वयंपाक करणाऱ्याचेच राहिले.” मग मंदारकडे वळून, “तुझ्या कंपनीचं काय आहे?”

मंदारने ओंकारच्या हातातला फोन काढून घेतला आणि मेलमध्ये स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट शोधायला लागला.

“पगाराचं राहू दे,” काका म्हणाले. “हे वर चढले कसे, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.”