वजनकाट्याच्या रांगेत फ्युएल सेल
इंजिन बंद ठेवून ट्रकची केबिन थंड राखणाऱ्या फ्युएल सेल (इंधन न जाळता त्यापासून थेट वीज बनवणारे साधन) संचाविषयीचा लेख वाचताना वणीच्या कोळसा खाणीबाहेरची वजनकाट्याची रांग आठवली, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना चालक खिडकीला ओला दुपट्टा बांधून बसलेले असतात. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. पण उभ्या गाडीत इंजिन सुरू ठेवले की तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाते (ते कोणाच्या पगारातून वळते होते, हे चालकांनाच विचारावे). लेखात सेलचे इंधन म्हणून भर हायड्रोजनवर आहे, आणि तो आमच्या भागातल्या पंपांवर मिळत नाही. सॉलिड ऑक्साइड प्रकारचा, म्हणजे सिरॅमिक थराचा सेल डिझेलपासून वायू करून चालू शकतो. मात्र त्याला सहा-सातशे अंशांपर्यंत तापायला वेळ लागतो आणि डिझेलमधील गंधक बाधते, म्हणून तो रात्रभराच्या मुक्कामाला ठीक, तासाभराच्या थांब्याला नव्हे.