फाटक अजून रात्री बंद होतं

१० मे २०२५ आठवतोय ना? इकडे दुपार होती, मी ऑफिसात. भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाली, ट्रम्पने ते आधीच सोशल मीडियावर टाकून दिलं, मग आपल्याकडून परराष्ट्र सचिव विक्रम मिस्रींनी सांगितलं, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर अर्ध्या तासात दोन तट पडले. मामा म्हणे आता कुठे हात बसला होता, थांबले कशाला. मावसभाऊ म्हणे थांबायचं तर थांबा पण ट्रम्पला मधे घुसायला कोणी सांगितलं. थांबलं ते बरं झालं म्हणणारी मी एकटी, तर मला उत्तर आलं, तू तिकडे बसून बोल, तुला काय जातंय. आता हे थोडं खरंच आहे, सायरन माझ्या डोक्यावर वाजत नव्हते. पण सायरन त्या ग्रुपवरच्या कोणाच्याच डोक्यावर वाजत नव्हते, पूंछमध्ये आमचं कोणी राहत नाही. मिस्रींना तर लोकांनी इतकं ट्रोल केलं की बिचाऱ्यांना अकाउंट लॉक करावं लागलं. म्हणजे निरोप आणणाऱ्यालाच झोडायचं.

मी राहते बेलफास्टला, उत्तर आयर्लंडमध्ये. एकीकडे आयर्लंडला जोडा म्हणणारे, बहुतेक कॅथलिक, त्यांची सशस्त्र संघटना आयआरए; दुसरीकडे ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे, बहुतेक प्रोटेस्टंट. यांच्या जवळपास तीस वर्षं चाललेल्या मारामारीत इथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, इतक्याशा प्रांतात. नंतर १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला. इथे यायच्या आधी मला वाटायचं सह्या झाल्या, फोटो काढले, संपलं. इथे आल्यावर कळलं की लोक एकमेकांना मारायचे थांबले एवढंच तेव्हा झालं, बाकीचं काम अजून चालूच आहे आणि ते भयंकर कंटाळवाणं आहे.

आपल्याकडे टीव्हीवर एक वाक्य ठरलेलं असतं, अतिरेक्यांशी बोलणी नाहीच. इथेही हेच म्हणायचे. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर पार्लमेंटमध्ये म्हणाले की आयआरएच्या बाजूचा राजकीय नेता जेरी ॲडम्स, त्याच्याबरोबर बसायचं म्हटलं तरी माझ्या पोटात ढवळेल, आणि त्याच महिन्यात बाहेर आलं की सरकारचा आयआरएशी मागच्या दाराने संपर्क चालू होता! मधला निरोप्या कोण, तर इथल्या डेरी शहरातला एक व्यापारी, ज्याची फिश अँड चिप्सची दुकानं होती. मला यात ढोंग दिसत नाही, खरं तर. समोर ओरडायला लागतंच, मतं त्यावर मिळतात. मागचं दार उघडं आहे ना, मी एवढंच बघते.

बरं, शस्त्रसंधी एकदा झाली आणि टिकली असंही नाही. ऑगस्ट १९९४ ची आयआरएने फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनला बॉम्ब फोडून मोडली, मग जुलै १९९७ मध्ये परत लागू केली. करारानंतर चार महिन्यांत ओमा गावात आयआरएतून फुटलेल्या गटाचा बॉम्ब फुटून २९ जण गेले. आपल्याकडे असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी करार फाडा म्हणून ट्रेंड झाला असता, इथे मात्र करार टिकला. वाटाघाटी चालवणारा अमेरिकन जॉर्ज मिचेल म्हणायचा, आमचे सातशे दिवस अपयशाचे आणि एक दिवस यशाचा. आणि टेबलावर बसायला बायकांचा एक पक्षसुद्धा निवडून आला होता, विमेन्स कोअॅलिशन, निवडणुकीच्या थोडेच आठवडे आधी काढलेला. बळी गेलेल्यांच्या घरच्यांचं काय, दोन्हीकडची मुलं एकत्र शिकणार का, हे प्रश्न त्यांनी लावून धरले. शाळांचं म्हणाल तर आजही एकत्र शाळेत जाणारी मुलं दहा टक्केसुद्धा नाहीत.

पण करार पचवायला जड होता हे मामाला मी सांगत असते. चारशेच्या वर कैदी सोडले, त्यात खुनाचे आरोप सिद्ध झालेले. ज्याने आपल्या भावाला मारलं तो दोन वर्षांत बाजारात समोर येणार, हे इथल्या लोकांनी मत देऊन मान्य केलं, ७१ टक्क्यांनी.

आणि हे सगळं परदेशीच आहे असं नाही हां. १९६६ मध्ये आपल्याच हवाईदलाने ऐझॉलवर बॉम्ब टाकले होते, आणि १९८६ मध्ये मिझो करार झाला तेव्हा काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याने खुर्ची सोडली, त्यावर बंडखोरांचा नेता लालडेंगा बसला. ग्रुपवर हे टाकलं तर कोणाला माहीतच नव्हतं. उलट नागा गटाबरोबरची शस्त्रसंधी १९९७ ची, म्हणजे या आमच्या कराराच्याही आधीची, आणि शेवटचा तोडगा अजून नाही. शस्त्रसंधीवर नुसतं बसून राहिलं की असं होतं, गोळीबार कमी होतो पण प्रश्न तसाच मुरत राहतो.

युद्धात अडकलेल्यांना पाठवायच्या मदतीवरूनही आमचं वाजतं. मामाचं ठरलेलं, ट्रक आत सोडले की माल बंदूकवाल्यांच्या घशात जातो. जातो काही, कोण नाही म्हणतंय. माझ्या टीममध्ये एक सुदानी आहे, त्याचे लोक सुदानच्या दारफूर भागातले. तिथे लष्कर आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल यांच्यात युद्ध चालू आहे. मे २०२३ मध्ये जेद्दाहला दोन्ही बाजूंनी सही केली की सामान्य लोकांना हात लावणार नाही, मदत अडवणार नाही. मग चाडकडून येणारा आद्रेचा रस्ता २०२४ मध्ये कित्येक महिने लष्कराने बंद ठेवला, दारफूरमधल्या अल-फाशर शहराला आरएसएफने दीड वर्ष वेढा घातला, जवळच्या झमझमच्या निर्वासित छावणीत दुष्काळ जाहीर झाला. तो एकदा म्हणाला, बंदूकवाला उपाशी राहिलेला मी कधी बघितला नाही. मामाला मी हे सांगितलं, त्यावर त्याने काही लिहिलं नाही, नुसता अंगठा टाकला.

आणि हाच सुदानी सहकारी ऑगस्ट २०२४ मध्ये आठवडाभर घराबाहेर पडला नव्हता, कारण बेलफास्टमध्ये परक्यांविरुद्ध दंगल चालू होती, दुकानं जाळत होते. मीही घरूनच काम केलं. म्हणून तिकडे कशी छान शांतता आहे असं कोणी म्हटलं की मला हसू येतं.

फॉल्स ही कॅथलिक आणि शँकिल ही प्रोटेस्टंट वस्ती, बेलफास्टमधल्या या दोन वस्त्यांमध्ये भिंत आहे, १९६९ मध्ये सुरुवात झाली तेव्हा तात्पुरती म्हणून. अशा सगळ्या भिंती २०२३ पर्यंत काढू असं इथल्या सरकारने २०१३ मध्ये ठरवलं होतं, निघाल्या नाहीत. आजूबाजूच्या लोकांनाच भीती वाटते, राहू दे म्हणतात. त्या भिंतीतलं लॅनार्क वे रस्त्यावरचं फाटक दिवसा उघडं असतं, रात्री लावतात.

मामा उन्हाळ्यात येतोय. त्याला टायटॅनिकचं म्युझियम बघायचंय. दाखवेन, पण पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याला त्या फाटकाशी नेणार आहे, लावायच्या जरा आधी.