तारीख म्हणजे तारीख, तिच्यात काय बघायचं?

फायरचं (FHIR, म्हणजे रुग्णांची माहिती एका संगणकप्रणालीतून दुसरीत नेण्याचं मानक) मॅपिंग तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. एक्सेल उघडा. डावीकडे सर्च पॅरामीटर, म्हणजे शोधताना लावायची अट; उजवीकडे डेटा एलिमेंट, म्हणजे नोंदीत ती माहिती ठेवायची जागा. दोघं नाकीडोळी सारखे दिसले की द्या जोडून.

प्रत्येक पॅरामीटरशी 'एक्सप्रेशन' नावाची एक ओळ दिलेली असते. हा शोध नेमका कुठल्या एलिमेंटमध्ये घेतला जातो, ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. ती वाचू नका. वाचली की शंका येतात, शंका आल्या की डेडलाइन हुकते.

सुरुवात 'डेट'पासून करा, कारण तारीख म्हणजे तारीख. ऑब्झर्वेशनमध्ये, म्हणजे तपासणीच्या नोंदीत, 'डेट' नावाचं एलिमेंटच नाही, तो शोध जातो 'इफेक्टिव्ह'कडे, हे सोडून द्या. लसीकरणात तोच 'डेट' जातो 'ऑकरन्स'कडे, आणि ॲलर्जीत नोंद कधी झाली तिकडे. यातला खरा दागिना मेडिकेशन रिक्वेस्ट, म्हणजे औषधाच्या चिठ्ठीची नोंद. फायरच्या आर ४ या आवृत्तीत तिथला 'डेट' म्हणजे डोसाच्या वेळापत्रकात औषध देण्यासाठी लिहिलेली ठरावीक तारीख. प्रिस्क्रिप्शन कधी लिहिलं, यासाठी 'ऑथर्डऑन' हा वेगळा पॅरामीटर आहे. पण तुमच्या रकान्यात 'डेट' शोभून दिसतो, तर तोच ठेवा. डॉक्टर मागच्या महिन्यात लिहिलेली औषधं शोधतील. 'दिवसातून दोनदा' लिहिलेल्या गोळीला अशी ठरावीक तारीख नसते, त्यामुळे स्क्रीन कोरी राहील. या माणसाला एकही औषध चालू नाही म्हणून डॉक्टर खूश, आणि तुम्हीही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण वाळा तपासायचं काम टेस्टिंगवाल्यांचं.

मग रक्तदाब. वरच्या आकड्याचा, म्हणजे सिस्टॉलिकचा लॉइंक कोड (लॉइंक म्हणजे तपासण्यांच्या ठरावीक कोडांची यादी) ८४८०-६. कोड शोधायचा तर पॅरामीटर 'कोड'. यात विचार करण्यासारखं काय आहे? एवढंच, की रक्तदाबाच्या नोंदीवर वरती ८५३५४-९ हा अख्ख्या पॅनेलचा कोड असतो आणि सिस्टॉलिक बसलेला असतो आत, 'कंपोनंट'मध्ये. 'कोड' आत डोकावत नाही. दोन्हीकडे बघायचं तर 'कॉम्बो-कोड' लागतो. हे नाव एलिमेंटांच्या यादीत कुठेच सापडत नाही, त्यामुळे शीटमध्ये त्याला लाल रंग द्या आणि शेरा मारा: 'लागू नाही'.

जन्मतारखेत मात्र बारकावा दाखवायची संधी आहे. एलिमेंटमध्ये 'डेट'चा डी कॅपिटल, पॅरामीटरमध्ये सगळी अक्षरं स्मॉल. तुम्ही कॅपिटलच टाका, एकसारखेपणा महत्त्वाचा. अनोळखी पॅरामीटर दिसला तर सर्व्हरने तो सोडून द्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तेव्हा सर्व्हर तुमची अट बाजूला ठेवेल आणि एका पेशंटऐवजी सगळे पेशंट पानापानाने पाठवायला लागेल. वर स्टेटस २०० ओके, म्हणजे सगळं ठीक. डेमोत असं भरघोस उत्तर फार छान दिसतं. (उत्तरासोबत 'सेल्फ' नावाची एक लिंक येते. सर्व्हरने खरोखर कोणत्या अटी लावल्या, ते तिच्यात असतं. तिकडे नजर गेलीच तर खोकून दुसरीकडे बघा. आणि चुकीच्या अटीवर सर्व्हरने सरळ एरर द्यावी म्हणून 'हँडलिंग=स्ट्रिक्ट' असा हेडर पाठवता येतो, हे तर मीटिंगमध्ये चुकूनही बोलू नका.)

शीट पूर्ण झाली की फाइलच्या नावात 'फायनल' लिहा आणि लॉक करा. २०२३ मध्ये आर ५ आलं. त्यात एन्काउंटरचा, म्हणजे पेशंटच्या भेटीच्या नोंदीचा, 'डेट' नावाने होता तसाच राहिला, खालचं एलिमेंट मात्र 'पीरियड'चं 'ॲक्च्युअल पीरियड' झालं. मेडिकेशन रिक्वेस्टमधल्या त्या दागिन्याचं तर नावच बदलून 'कॉम्बो-डेट' ठेवलं. तुम्ही शीटला हात लावू नका. फाइलचं नाव तेवढं 'फायनल २' करा.