'कितने आदमी थे?' हे सांबाला विचारलंच नव्हतं

सध्या 'शोले'चं एक पोस्टर फिरतंय: 'अरे ओ सांबा, कितने आदमी थे?' माझ्या लाडक्या सिनेमाचा लाडका प्रसंग, त्यामुळे गप्प बसवत नाही. गब्बर असं म्हणतच नाही.

खडकाळ माळावर, हातातला पट्टा दगडांवर घासत फिरणारा गब्बर 'कितने आदमी थे?' हे विचारतो ते रामगढहून रिकाम्या हाताने परतलेल्या तिघांना. उत्तर देतो कालिया: 'सरदार, दो आदमी थे.' हा कालिया म्हणजे आपले विजू खोटे! घाम फुटलेला तो चेहरा आठवा. सांबा तर गावात गेलाच नव्हता. तो वर कड्यावर बंदूक घेऊन बसलाय, त्याला काय ठाऊक किती जण होते? त्याला हाक पडते नंतर, सरकारने किती इनाम लावलंय ते विचारायला. सांबा झालेल्या मॅक मोहनचं 'पूरे पचास हजार' ते इथलं.

दोन्ही वाक्यं एकाच प्रसंगातली, म्हणून गल्लत झाली असावी. १९७५ पासून नकला करणाऱ्यांनीही त्याला हातभार लावलाय (गॅदरिंगमध्ये मीही लावलाय). पण त्यात बिचाऱ्या कालियाचा संवाद सांबाच्या खात्यावर जमा होतो.